साथीला धबधबा

कपिलधारला माणसं दोन कारणांनी जातात. एक, मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायला. आणि दोन, पावसाळ्यात धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढायला. तिसऱ्या कारणानं जाणारा मी एकटाच असेन. मी तिथं माझा आवाज बुडवायला जात होतो.

आवाज गळ्यातला नव्हे. व्हायोलिनचा.

बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेनं निघालं की पाली लागतं, बिंदुसरेचा तलाव लागतो, बालाघाटाचे डोंगर अंगावर येतात आणि वीसेक किलोमीटरवर दरीच्या पोटात कपिलधार. बीड जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं पाण्याचे टँकर आणि ऊसतोडीला निघालेले ट्रक येतात. त्यात त्याचं काही चुकत नाही, आमच्याही डोळ्यांपुढं तेच येतात. पण पाऊस बरा झाला की याच जिल्ह्यात कड्यावरून पाणी असं कोसळतं की शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी कानाशी जाऊन ओरडावं लागतं. देवानं ही सोय कुणासाठी केली मला माहीत नाही. मी ती माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो.

ही वेळ का आली ते सांगतो.

वडिलांनी मला ९व्या वर्षी व्हायोलिनला घातलं. तेव्हा आम्ही अंबाजोगाईला होतो. ‘घातलं’ हाच शब्द बरोबर. पोरांना शाळेत घालतात, चप्पल पायात घालतात, तसं. मला तबला हवा होता, कारण तो बडवता येतो. पण वडील म्हणाले, तबला कुणीही वाजवतं. (हे त्यांनी एखाद्या तबलजीपुढं म्हणायला हवं होतं.) गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत, रडतखडत, मी मध्यमा प्रथमपर्यंत पोचलो आणि २४व्या वर्षी बँकेत चिकटलो. बँकेनं बदल्या दिल्या, बदल्यांनी बिऱ्हाडं दिली, प्रत्येक बिऱ्हाडाला एक माळा होता आणि प्रत्येक माळ्यावर ते काळं खोकं चढत गेलं. ३६ वर्षांत मी व्हायोलिन ७ माळ्यांवर ठेवलं. वाजवलं एकदाही नाही. पण कुणी विचारलं तर ‘मी व्हायोलिन वाजवतो’ असंच सांगत आलो. मराठीत या वाक्याला काळ नसतो, ही आपल्या भाषेची कृपा.

निवृत्त झालो त्या आठवड्यात खोकं खाली काढलं. गजाचे केस कसरीनं खाऊन टाकले होते. घोड्याच्या शेपटीचे दीड-दोनशे केस गजाला ताणून बसवलेले असतात, त्यातले चार-पाच शिल्लक होते, साधारण माझ्याइतकेच. तारा सैल पडून घोडी आडवी झाली होती. आणि व्हायोलिन उचललं तर आत काहीतरी खुळखुळत होतं. बायको म्हणाली, झुरळ असेल. झुरळ नव्हतं. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाखाली, एक छोटी लाकडी दांडी नुसती दाबून उभी केलेली असते. तिला खिळा नाही की सरस नाही. वरची फळी आणि खालची फळी यांच्यात आवाजाची ने-आण ती करते. ती नसेल तर व्हायोलिन म्हणजे महागडी पेटी. इटालियन लोक तिला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा.

“आत्मा निसटलाय,” मी बायकोला म्हणालो. “जागा सोडून आतल्या आत गडगडतोय.”

“तुमचं रिटायरमेंटपासून तेच चाललंय,” ती म्हणाली.

पुण्याला पाठवून आत्मा जागेवर बसवून आणला. नवे केस, नव्या तारा, राळेची नवी वडी. एका सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, मी गज तारेवर ठेवला. जो आवाज निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की दुपारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. हातात तेलाची छोटी बाटली होती. “सर, तुमच्या कुठल्या तरी दाराची बिजागरी लई करकरायलीय. दोन थेंब टाका.” मी बाटली घेतली, आभार मानले, चहा पाजला. त्यांना खरं काय ते सांगायचं धैर्य झालं नाही. पुढचे आठ दिवस ते मला जिन्यात विचारत होते, “टाकलं का तेल?”

आता हे वाद्य इतकं निर्दय का, ते न वाजवणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. पेटीवाल्याचं बरं असतं. पांढरी एक दाबली की पांढरी एकचाच स्वर येणार. दाबणारा गवई असो, नाहीतर पेटीवर चढलेलं मांजर. सतारीला पडदे असतात. बोटाला निदान शेजारपाजार कळतो. व्हायोलिनला पडदाच नाही. आहे ते सगळं उघड्यावर. चार तारा, काळ्याभोर लाकडाची एक गुळगुळीत पट्टी, आणि त्यावर कुठंही खूण नाही की बाबा रे, गंधार इथं राहतो. बोट दोन-तीन मिलिमीटर इकडं पडलं की चांगल्या घरातला गंधार बेवारशी होतो. शिवाय आपल्याकडं ते मांडी घालून, व्हायोलिनचं शेंड्याचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवतात. साठीनंतर यातली ‘मांडी घालून’ हीच पहिली परीक्षा असते. दुसरी परीक्षा उठण्याची. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातात गज, आणि टेकायला हात तिसरा लागतो.

पण मला खरा त्रास बोटांनी दिला नाही. बोटं काय, ३६ वर्षं नोटा मोजलेली बोटं. ती तारेवरही अंगठा ओला करायला बघत होती. त्रास दिला कानानं.

त्याचं असं झालं होतं की या ३६ वर्षांत मी वाजवलं नाही, पण ऐकलं भरपूर. ज्या गावी बदली झाली त्या गावी आधी रेडिओ लावला, मग गॅस. वाईत जन्मलेले वि. गो. जोग तंतकारीच्या अंगानं लयीशी खेळायला लागले की हिशेब चुकायचा, आमचाही आणि कॅशचाही. गजाननबुवा जोशी तर गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही. एकाच माणसाला दोन गळे दिले आणि आम्हांला एकही नाही, हा कुठला न्याय? दामूअण्णा दातार बंदिश अशी वाजवायचे की शब्द ऐकू येतात असा भास व्हायचा. द. वि. पलुसकरांच्या गाण्यामागं जो माणूस बसला होता त्याला शब्द येणारच. आणि प्रभाकर जोग! बाबूजींच्या गीतरामायणाला साथ करता करता त्यांचं व्हायोलिन स्वतःच गायला लागलं आणि ‘गाणारं व्हायोलिन’ या नावानं घराघरांत गेलं. लहानपणी त्यांनी पुण्यातल्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवलं होतं. मी आता वाजवलं तर सव्वा रुपया आणि नारळ मीच श्रोत्यांना द्यायला तयार होतो.

तर इतकं चांगलं ऐकून ऐकून कान तयार झाला होता. १४व्या वर्षी मी बेसूर वाजवायचो आणि मला ते कळत नव्हतं, म्हणून मी सुखी होतो. साठीत मी तितकाच बेसूर वाजवत होतो आणि मला ते श्रुती-श्रुतीनं कळत होतं. रियाज सोडून परत येणाऱ्याची ही गोची कुठल्याच गुरुजींनी सांगितली नव्हती. हात जिथं सोडला तिथंच थांबलेला असतो, खरं तर दोन पायऱ्या खालीच उतरलेला असतो. कान मात्र पुढं जाऊन जिन्याच्या वरच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा असतो. सासूसारखा.

मी स्वतःला धीर द्यायला दाखले शोधू लागलो. मेहली मेहता हे नाव हाताला लागलं. झुबिन मेहतांचे वडील. मुंबईचे पारशी गृहस्थ, बहुतेक स्वतःच शिकून व्हायोलिनवादक झालेले, १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे. एवढं झाल्यावर माणूस काय करेल? शाल पांघरून बसेल. हे गृहस्थ १९४५ साली, सदतिशीच्या आसपास, बायको-मुलं मुंबईत ठेवून न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलमियन नावाच्या कडक गुरूपुढं विद्यार्थी म्हणून बसले. काही वर्षं तिथं काढून मगच परतले. पुढं अमेरिकेतच स्थायिक होऊन तरुण पोरांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि नव्वदीला टेकेपर्यंत चालवला. मी हे सगळं बायकोला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं.

“ते न्यूयॉर्कला गेले,” ती कणीक मळता मळता म्हणाली. “तुम्ही कुठं जाणार?”

इथं कपिलधार सुचलं.

सुचण्याला निमित्त सोसायटीच्या मीटिंगचं. पाण्याची टाकी, पार्किंग आणि भटकी कुत्री हे तीन विषय संपल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ यात बिजागरी आली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मराठवाड्यात अजून तेवढी रीत आहे. “एका दाराचा आवाज पहाटे साडेपाचला येतो” एवढंच म्हटलं गेलं. मिनिटबुकात तेच नोंदवलं गेलं. मी स्वतः त्या ठरावाला अनुमोदन दिलं.

श्रावणातल्या एका सकाळी स्कूटरला खोकं बांधून निघालो. समाधीचं दर्शन घेतलं. मन्मथमाउलींनी ‘परमरहस्य’ लिहिलं. त्यांच्या दारात मी माझं रहस्य झाकून ठेवायला आलो होतो, तेव्हा दर्शन जरा जास्तच लवून घेतलं. मग धबधब्यापासून तुषार येणार नाहीत इतक्या अंतरावर एक कोरडी कपार बघून बसलो, तारा लावल्या आणि यमन सुरू केला.

आणि काय सांगू! मी इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. आवाज गोल, भरदार. मींड लोण्यातून सुरी फिरावी तशी. तीव्र मध्यम असा लागला की माझेच डोळे पाणावले. दीड तास वाजवलं. घरी येताना स्कूटरवर गुणगुणत आलो. बायकोला म्हणालो, “जमलं! शेवटी वातावरणच लागतं कलेला.” ती काही बोलली नाही, ती ३६ वर्षं बँकवाल्याशी संसार केलेली बाई आहे, हिशेब लागल्याशिवाय पावतीवर सही करत नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. मी आठवड्यातून चार दिवस जाऊ लागलो. बेल-फुलं विकणारे ओळखीचे झाले, चहावाला बिनसाखरेचा चहा न सांगता देऊ लागला. रविवारी पोरंपोरी भिजायला यायची. पहिल्यांदा बघितलं की एकजण हमखास ‘मोहब्बतें’ असं ओरडायचा आणि माझ्या खांद्यावर स्वेटर नाही याचं त्याला वाईट वाटायचं. एक कळप तर मोबाइल रोखून उभाच राहिला. “काका, सैराट वाजवा की!” मी त्यांना कानाशी ओरडून सांगितलं की पोरांनो, सैराटच्या गाण्यांमागं जी व्हायोलिनं ऐकू येतात ती हॉलिवूडच्या स्टुडिओत बसलेल्या वादकांनी वाजवली आहेत, एक-दोन नव्हे, अख्खा ताफा होता. “मग तुम्ही एकटेच थोडं वाजवा,” पोरगं म्हणालं. वाजवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. त्यांना एक स्वरही ऐकू आला नसणार हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. टाळ्या पडत असताना माणूस असल्या बारीक गोष्टींत शिरत नाही.

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली. कपिलधारची ती मोठी यात्रा. महाराष्ट्रातून, शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून माणसं येतात, दिंड्या पायी येतात, दरीभर ‘मन्मथमाउली’चा गजर. एका दिंडीतले मृदंगवाले बाबा माझ्या कपारीजवळ सावलीला बसले. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक थापत होते. पाणी आता श्रावणातल्याइतकं राहिलं नव्हतं. माणूस साध्या आवाजात बोलला तरी ऐकू यायचं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मी यमन संपवून त्यांच्याकडं बघितलं.

“झालं का लावून?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तारा. मगापासून तारा लावायलेत ना? मला वाटलं, आता सुरू करतील.”

मी हसलो. तेही हसले, पण आम्ही एकाच गोष्टीला हसत नव्हतो. मग त्यांना सगळी कहाणी सांगितली, ३६ वर्षांची, माळ्यांची. म्हातारा कणीक थापटत ऐकत होता. म्हणाला, “आवं, मी दरसाली येतो. वर्षभर रानात काम, मृदंगाला हात कुठं लागतो? निघालं की पहिले दोन दिवस बोटं ऐकतच नाहीत बघा. तोडे येतात डोक्यात, हातात येत नाहीत. तिसऱ्या दिवशी आपोआप येतात.”

“तिसऱ्या दिवशीच?”

“आता तुमचं छत्तीस वर्षांचं हाय,” बाबा विचार करून म्हणाले. “तुम्हाला चौथा दिवस लागंल.”

यात्रा पांगली. दिंड्या गेल्या, दुकानं उठली. मार्गशीर्ष सरला आणि पौषातल्या एका सकाळी मी कपारीत बसलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना. मग कळलं, की शांतता आहे. कड्यावरून पाणी येत होतं, पण ते कोसळत नव्हतं, ओघळत होतं. टप, टप. बीड जिल्ह्यातला धबधबा तो; त्याला वर्षभर पडायची सवय कशी असणार?

मी यमन सुरू केला. आणि श्रावणापासून पहिल्यांदा तो ऐकला.

बिजागरी होती. चार महिने दीड-दीड तास वाजवून घासूनपुसून लख्ख केलेली, अंगवळणी पडलेली, पक्की बिजागरी. गंधार वर चढलेला, निषाद लोंबलेला, गज वाकडा पडून घोडीवर चढणारा. ज्या मींडेला मी लोणी म्हणत होतो ती सुतळीसारखी निघत होती. मग तो भरदार, गोल आवाज कुणाचा होता? धबधब्याचा! कोसळत्या पाण्याच्या आवाजात सगळेच स्वर मिसळलेले असतात. त्यातून आपल्याला हवा तो ऐकू येतो. मी चार महिने धबधब्याचा यमन ऐकत होतो आणि मान स्वतःची डोलावत होतो.

मी तारेवर नुसता षड्ज लांब ओढून बघितला. तेवढ्यात दरीपलीकडून मोर ओरडला. इथून पाटोद्याकडं गेलं की नायगावचं मयूर अभयारण्य आहे. या भागात मोराचं नवल नाही. पण जुन्या संगीतशास्त्रात लिहून ठेवलं आहे की मोर षड्जात बोलतो. मी पुन्हा षड्ज लावला. मोर पुन्हा ओरडला. आमच्या दोघांच्या षड्जांत चांगलाच फरक होता. दोघांपैकी एकजण चुकत होता आणि शास्त्र मोराच्या बाजूनं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बीडमध्येच एका क्लासचा जिना चढलो. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. मी वाकून नमस्कार केला. त्या गडबडीनं उठून मला नमस्कार करायला वाकल्या. आमची डोकी आपटता आपटता वाचली. गुरू-शिष्य परंपरेत वयाचं हे कलम कुणी घातलंच नाही. पाच मिनिटं त्यांनी माझं ऐकून घेतलं.

“रियाज कुठं करता, काका?”

मी सांगितलं.

“धबधब्यापाशी? व्हायोलिन घेऊन?” त्यांना आधी व्हायोलिनची काळजी वाटली. ते सरसानं जोडलेलं असतं, सततच्या दमट हवेनं जोड सुटतात, लाकूड फुगतं. कपिलधारच्या पाण्यानं माझं झाकलं तेवढं झाकलं, वर माझं व्हायोलिन उसवायला घेतलं होतं. मग त्यांनी माझा गज धरलेला हात हातात घेऊन हलवून बघितला आणि म्हणाल्या, “काका, हा हात अजून नोटा मोजतोय. काउंटरवर रांग नाहीये. सावकाश.”

पुढचा महिनाभर मला डावा हात वापरायचीच बंदी होती. फक्त मोकळ्या तारा. गज टाचेपासून टोकापर्यंत सरळ, एका श्वासात एक. ९व्या वर्षी हे केलं होतं तेव्हा रडलो होतो. आता रडता येत नव्हतं, कारण मॅडमनी मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकायला सांगितलं होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये हुंदके आले असते. स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकणं हा जगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भयंकर गुरू आहे. मग पलटे आले. दोन-दोन स्वरांचे, तीन-तीन स्वरांचे, गोगलगायीच्या लयीत. ज्या यमनात मी दीड तास विहार करत होतो, त्यातल्या ‘नि रे ग’ या तीन स्वरांवर तीन आठवडे गेले.

आणि जागा? मी मॅडमना विचारलं की कपिलधार बंद करू का. त्या म्हणाल्या, “बंद कशाला? आता तर पाणी नाही ना. आता जा.”

म्हणून आता जातो. माघ-फाल्गुनात दरी कोरडी असते, कडा उघडा असतो आणि सकाळी सहाला तिथं इतकं शांत असतं की समाधीपुढच्या घंटेचा नाद विरताना शेवटपर्यंत ऐकू येतो. त्या शांततेत एक दिवस एक गोष्ट घडली. व्हायोलिनच्या तारा आपण षड्ज-पंचमात लावतो. मी पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटानं षड्ज शोधत होतो. रोजचंच, जरा वर, जरा खाली, पुन्हा जरा वर. एकदम शेजारची षड्जाची मोकळी तार, जिला मी गजही लावला नव्हता, आपण होऊन थरथरली. डोळ्यांना दिसली, छातीशी टेकलेल्या लाकडाला कळली. बोटाखालचा स्वर नेमका तिच्याशी जुळला की ती हुंकार देते, केसभर चुकला तर गप्प बसते. यात दैवी काही नाही, निव्वळ पदार्थविज्ञान आहे. पण साठ वर्षांत शेजाऱ्यानं न मागता दाद दिल्याची ही माझी पहिलीच वेळ. श्रावणातही ती तार कधी थरथरली असेल, तर मला कळलं नव्हतं एवढं खरं.

आता मी त्या तारेला विचारून पुढं सरकतो. दहातल्या चार वेळा ती हो म्हणते. कॅशमध्ये एवढी चूक निघाली असती तर मला निलंबित केलं असतं. इथं मॅडम ‘छान’ म्हणतात.

मध्यंतरी मध्यमा पूर्णची राहिलेली परीक्षाही देऊन आलो. परीक्षेच्या हॉलबाहेर फ्रॉकमधल्या मुली आणि त्यांच्या आया. दारावरची स्वयंसेविका मला म्हणाली, “आजोबा, पालकांनी इकडं थांबायचं.” मी ओळखपत्र दाखवलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग सगळ्या आयांनी बघितलं. माझ्या पुढची मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल, मला म्हणाली, “टेन्शन घेऊ नका, ते काही ओरडत नाहीत.” आत परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “किती वर्षं शिकताय?”

“बावन्न,” मी म्हणालो. “त्यात छत्तीस वर्षं बिनपगारी रजेवर होतो.”

दुसऱ्या श्रेणीत पास झालो. पेढे वाटले. खालच्या मजल्यावर पेढा द्यायला गेलो तेव्हा तेलाची बाटलीही परत केली. ते म्हणाले, “आणखी काही दिवस राहू द्या, सर. पूर्ण गेलेला नाही.”

तर कपिलधारला जरूर या. समाधीचं दर्शन घ्या, कार्तिकीची यात्रा बघा. श्रावणात येणार असाल तर दिवसभरात केव्हाही या, धबधबा आहे, चिंता नाही. माघ-फाल्गुनात मात्र सकाळी साडेसातनंतर या.